रायवळ आंबा घराकडे कललाय, बुंधा पोकळ आहे: एकसंध पाडावा की तुकड्यांनी उतरवावा?

परसदार_दापोली

नमस्कार मंडळी. घराच्या मागे जुना रायवळ आंबा आहे. छातीच्या उंचीवर घेर ३.६ मीटर, म्हणजे व्यास साधारण १.१५ मीटर. उंची अंदाजे २० मीटर. झाड पूर्वेला वरच्या दळ्यात, म्हणजे पायरीसारख्या सपाट जमिनीत, आहे आणि पश्चिमेला, घराकडे, कललंय. कल १२ अंशांच्या आसपास. बुंध्याला घराच्या बाजूने ढोली आहे, तिचं तोंड वीतभर रुंद. या पावसाळ्यात मुळाशी कडक, थराथरांची अळंबी उगवली.

उत्तरेला ७ मीटरवर विजेची थ्री-फेज लाईन. दक्षिणेला मोकळी जागा, मध्ये जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण). पूर्वेला चढ आणि दोन चांगले फणस. पाणंद अडीच मीटरची, त्यामुळे मोठी क्रेन आत येत नाही.

लाकूडवाला म्हणतो, "दोर लावून पूर्वेला ओढू, एका दिवसात मोकळं." घरापासून बुंधा ६ मीटरवर. त्याचं म्हणणं बरोबर आहे का? नसेल तर योग्य क्रम काय?

कातळपाऊल

दादा, आधी झाड पाडायलाच हवं का ते ठरवा. कल आणि ढोली आहे म्हणून प्रत्येक आंबा धोक्याचा ठरत नाही.

कल जुना की नवा, ते शेंड्यावरून कळतं. लहानपणापासून कललेलं झाड पुढे वळून सरळ वर जातं, खोडाला बाक येतो. संपूर्ण खोड सरळ काठीसारखं तिरकं असेल तर कल नंतर आलाय. मग कलाच्या उलट बाजूला, म्हणजे तुमच्याकडे पूर्वेला, बुंध्यापासून दोन-तीन मीटरपर्यंतची माती बघा. चंद्रकोरीसारखी भेग, उचललेली माती, ताणलेली किंवा तुटलेली मुळं दिसली तर मुळांची पकड सुटतेय. अशा झाडावर कोणीही चढायचं नाही आणि जोराच्या वाऱ्यात खालून वावरायचं नाही.

पोकळी किती आहे ते लाकडी मोगरीने ठोकून कळतं. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी ढोलासारखा. नेमकं माप हवं तर ८ मिमीचं लांब ड्रिल गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर चार-चार ठिकाणी घाला. भुसा फिकट आणि कोरडा येतोय तोवर लाकूड शाबूत. तो काळपट, ओला, मऊ झाला किंवा ड्रिल एकदम आत घुसलं की तिथे भिंत संपली. झाड राखायचं ठरलं तर मात्र भोकं कमीत कमी, कारण प्रत्येक भोकातून कूज बाहेरच्या लाकडात शिरू शकते.

ढोबळ नियम असा की शाबूत भिंत त्रिज्येच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी नको. तुमची त्रिज्या ५७ सेंमी, म्हणजे किमान १७ सेंमी भिंत सगळीकडून हवी. हा नियम अखंड कड्यासाठी आहे. ढोलीचं तोंड घराच्या बाजूला आहे आणि कलाकडच्या त्याच बाजूवर सगळा दाब येतो, म्हणून तुमच्या बाबतीत १७ वर समाधान मानू नका.

भिंत जाड निघाली, मुळाशी भेग नाही आणि अळंबी एखाददुसऱ्याच जागी आहे, तर घराकडच्या फांद्यांचा भार कमी करून झाड आणखी वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. रायवळ सहज पाडू नये असं माझं ठाम मत आहे. पण अळंबी बुंध्याभोवती पसरलेली असेल तर मुळं आतून गेलेली असण्याची शक्यता मोठी, मग वरचा भार कमी करून भागत नाही.

सावलीचा_हिशेब

लाकूडवाल्याच्या "पूर्वेला ओढू" या बोलण्याचा हिशेब मांडतो.

२० मीटरच्या पसरलेल्या झाडाचा भारमध्य साधारण ९ मीटरवर धरू. १२ अंशांचा कल म्हणजे तो भारमध्य बुंध्याच्या मध्यापासून जवळजवळ १.९ मीटर घराकडे गेलेला. ओल्या लाकडाचा घनमीटर सुमारे एक टनाचा. फांद्या-पाल्यासकट झाड ८ टन धरलं तर घराकडे ओढणारा जोर ८ गुणिले १.९, म्हणजे १५ टन-मीटर. दोर १२ मीटर उंचीवर बांधला तर फक्त तोल सावरायलाच सव्वा टनाची आडवी ओढ लागते. झाड पूर्वेला पाडायला त्याहून जास्त. शिवाय तिकडे चढ आहे. ट्रॅक्टर घसरला, थांबला, पुन्हा झटक्याने ओढला की दोरावरचा ताण एका क्षणात कित्येक पट होतो. दोर तुटला तर झाड घरावरच.

पाचरींनीही हे होत नाही. १.१५ मीटरच्या खोडात पडायच्या बाजूची खाच २९ सेंमी आणि तिच्यामागे न कापता ठेवलेली पट्टी, म्हणजे बिजागरी, ११-१२ सेंमी सोडली की मागे ७५ सेंमी उरतात. मागून २.५ सेंमी उचललं तर २० मीटरवरचा शेंडा ६५ सेंमी सरकतो. तुमचा भारमध्य बिजागरीच्या वर आणायला मागून १६ सेंमी उचलावं लागेल. शिवाय पोकळ खोडात पाचरीला टेकू मिळत नाही, ती कुजलेल्या गाभ्यात रुतते.

कलाच्या बरोब्बर उलट दिशेला पाडणं हे शाबूत झाडाच्या बाबतीतही सर्वांत अवघड काम. पोकळ झाडाच्या बाबतीत तो विचार सोडून द्या.

माडावरचा

वरच्याशी सहमत, पण पोकळ झाड म्हणजे चढायचंच नाही असं सरसकट नसतं. ढोली दीड मीटरपर्यंतच आहे आणि वरचं खोड भरीव आहे, मुळं घट्ट आहेत, असं तपासणीत निघालं तर मागून ताण देऊन वरून उतरवता येतं. मुळं सुटलेली असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. मग पाणंद रुंद करून माणूस वर नेणारी लिफ्ट किंवा क्रेन आणणं हाच मार्ग.

मागचा ताण असा: खोडावर ७ मीटरच्या आसपास रुंद पट्टा बांधायचा आणि दोन दोर पूर्वेच्या दोन फणसांच्या बुंध्यांना न्यायचे. दोन दोरांमध्ये ४० ते ६० अंशांची फाक ठेवा, म्हणजे झाड उत्तर-दक्षिणही डुलत नाही. फणसाच्या सालीवर गोणपाट किंवा रुंद पट्टा घाला. काथ्याचे दोर नकोत, जुने नायलॉनचे तर नकोतच. नायलॉन ताणलं जातं आणि तुटलं की उलटं उसळतं. पॉलिएस्टरचा दोर घ्या, तुटण्याची क्षमता अपेक्षित ताणाच्या दहापट. गाठीमुळे ताकद बरीच घटते, हे त्या हिशेबात धरा.

चढणाऱ्याचा स्वतःचा जीवदोर याच आंब्याला नको. फणसाची फांदी उंच आणि भक्कम असेल तर मुख्य दोर तिकडून घ्या. कटर (साखळीची करवत) चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असणं सक्तीचं, आणि त्यातला एक पट्टा पोलादी तारेचा, कारण साखळी कापडी पट्टा क्षणात कापते. माडावर चढायचा पाडेल्याचा सराव वेगळा आणि हातात चालू कटर घेऊन फांदीवर उभं राहणं वेगळं. नुसतं चढता येतं म्हणून हे काम कोणाला देऊ नका.

चढण्याआधी दुर्बिणीने शेंडा नीट बघा. आग्या मोहोळ असेल तर कटरच्या आवाजाने उठतं आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मोहोळ हटवेपर्यंत काम बंद. तांबड्या मुंग्यांची घरटी, बांडगुळाने सुकलेल्या फांद्या, दुसऱ्या फांदीवर अडकून राहिलेला तुटका ओंडका, हे सगळं आधीच टिपून ठेवा. अडकलेला ओंडका कटरच्या थरथरीनेही सुटतो.

कापायचा क्रम: आधी घराकडच्या फांद्या, कारण त्या गेल्या की कलाचा भार घटतो. पूर्वेच्या फांद्या आधी काढल्या तर झाड घराकडे अधिक जड होईल. घराकडची फांदी फणसावरच्या कप्पीतून दोर घेऊन उतरवायची, आंब्यावरच कप्पी लावून नाही. कप्पीवर दोर उलटा वळला की त्या जागी ओझ्याच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, आणि तुकडा मध्येच घसरून थांबला तर त्याहून खूप जास्त. पोकळ बुंध्याला तो झटका द्यायचा नाही. तुकडे ५० किलोच्या आत ठेवा. ३० सेंमी जाडीचा एक मीटर तुकडासुद्धा ७० किलोचा होतो, तेव्हा जाड भाग अर्ध्या मीटरचे काढा.

प्रत्येक फांदीला तीन काप: पहिला खालून, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा थोडा बाहेरच्या बाजूला. तिसरा उरलेला थोटा काढायला. खालचा काप चुकवला की फांदी मोडताना साल आणि लाकूड खोडापर्यंत सोलत नेते आणि चढणाऱ्याच्या पट्ट्याखालचंच खोड फाटतं.

लाईनवरचा_भाऊ

विजेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ७ मीटरवर लाईन आणि झाडाचा विस्तार त्याहून मोठा, म्हणजे फांद्या लाईनपर्यंत जाणारच. महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज देऊन तारीख आणि वेळ ठरवून शटडाऊन घ्या. "बंद केलीय" हा फोनवरचा शब्द पुरत नाही. लाईनमनने जागेवर येऊन तपासावं आणि तारा दोन्ही बाजूंनी अर्थ कराव्यात, म्हणजे जमिनीशी जोडाव्यात, मगच झाडाला हात.

अर्थिंगचा आग्रह यासाठी की वाडीत कोणाकडे इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर बंद लाईनमध्ये उलटी वीज येते. घरात येणारी सर्व्हिस वायरही त्या दिवशी उतरवून घ्या. फांदी तारेवर पडलीच तर ती ओढायला कोणी जायचं नाही. दहा मीटर लांब राहायचं, कारण ओल्या जमिनीतही वीज पसरते.

परसदार_दापोली

सगळ्यांचे आभार. ड्रिल घातलं. छातीच्या उंचीवर पूर्व आणि दक्षिणेला भिंत २२ सेंमी, उत्तरेला १९, घराकडे ढोलीच्या कडेला फक्त ९. दोन मीटरच्या वर भरीव लागतंय. मातीत भेग नाही, पण अळंबी अर्ध्या बुंध्याभोवती आहे. उतरवायचं ठरवतोय.

फांद्या गेल्यावर ६ मीटरचं नुसतं खोड उरेल. ते दक्षिणेला पाडता येईल का? खाच किती, बिजागरी किती, दोर कुठे?

सावलीचा_हिशेब

येईल, पण ६ मीटर ठेवू नका. चढणारा वर आहेच, तर भरीव खोडाचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे करत ३ मीटरपर्यंत खाली या. एक मीटर व्यासाचा अर्धा मीटर तुकडासुद्धा ४०० किलोच्या जवळ जातो, तेव्हा जाड भागात त्याचे उभे दोन-चार भाग करूनच ढकला, दक्षिणेच्या बाजूला. ३ मीटरचा बुंधा फार तर अडीच-पावणेतीन टन, पोकळीमुळे थोडा कमी. दिशा चुकली तरी ६ मीटरवरच्या घराला त्याची लांबी पुरत नाही. काम एवढं सुरक्षित करायला मोजून अर्धा दिवस जास्त जातो.

आता काप. पडायची दिशा दक्षिण, म्हणजे बिजागरी पूर्व-पश्चिम येते. काप कंबरेच्या उंचीवर घ्या. ढोली टाळायला दोन मीटरवर कटर उचलून कापणं चूक, खांद्याच्या वर कटर कधीच नाही.

खाच दक्षिणेला, ७० अंश उघडी. वरचा काप तिरका, खालचा आडवा, दोन्ही एका रेषेत नेमके मिळाले पाहिजेत. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर खाचेच्या तळाशी फट उरते, पडताना ती आधी मिटते आणि बिजागरी अवेळी तुटून बुंधा भलतीकडे वळतो. मोठ्या झाडांवर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. करवतवाला घाईत असला की हमखास होते.

खोली नेहमी पाव ते एक तृतीयांश सांगतात. इथे दक्षिणेची भिंत २२ सेंमी, पाव म्हणजे २९. खाच पोकळीत शिरणार, हे गृहीत धरा. मग मधली बिजागरी उरत नाही, पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन खुंट उरतात. पश्चिमेचा खुंट ९ सेंमीच्या भिंतीचा, तो विश्वासाचा नाही. म्हणून पूर्वेचा खुंट जाड सोडा, दक्षिणोत्तर १५ सेंमी. कलाच्या उलट बाजूचं लाकूड ताणात असतं आणि तेच बुंध्याला घराकडे जाण्यापासून धरून ठेवतं. आंब्याचं लाकूड सागाएवढं चिवट नाही, लवकर मोडतं, हेही लक्षात ठेवा.

मागचा काप उत्तरेकडून. उघड्या खाचेत तो खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीवर चालतो. कटर आत खुपसून आधी बिजागरी मापात आणा, मागे उत्तरेला भिंतीचा एक पट्टा न कापता ठेवा, आणि सगळे बाजूला झाले की शेवटी तो पट्टा बाहेरून कापा. सरळ मागून कापत आलं आणि दोर आधीच ताणलेला असला तर खोड उभं चिरत वर जातं आणि मागचा फाटलेला भाग कापणाऱ्याच्या छातीवर उसळतो. म्हणून ओढायच्या दोराला बिजागरी होईपर्यंत फक्त ढिलाई जाईल एवढाच ताण. कापाच्या वर हातभर अंतरावर साखळीचे दोन वेढे आवळून घ्या. तुमच्या पोकळ बुंध्याला हे हवंच.

कटर खुपसताना पात्याच्या टोकाचा खालचा भाग आधी लावायचा आणि मग सरळ आत. टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की पातं तोंडाकडे उसळतं.

माडावरचा

दोरांचं मी सांगतो. ओढायचा दोर दक्षिणेला, बुंध्याच्या टोकाजवळ बांधून किमान १२ मीटर लांब न्या. ओढणारा माणूस किंवा ट्रॅक्टर पडायच्या रेषेत नको. रेषेत भक्कम झाडाला कप्पी बांधा आणि दोर बाजूला वळवा. काटकोनात वळवला तर कप्पीच्या झाडावर ओढीच्या १.४ पट भार येतो, ते झाड तसं निवडा. हाताने चालवायचा तारेचा विंच ट्रॅक्टरपेक्षा बरा, कारण ओढ संथ राहते आणि हवी तिथे थांबवता येते.

दुसरा दोर पूर्वेला, घराकडे जाऊ नये म्हणून. हा बिजागरीच्या बरोब्बर रेषेत बांधायचा. तसा असला की बुंधा दक्षिणेला पडत असताना दोराची लांबी बदलत नाही, शेवटपर्यंत ताण कायम राहतो. बांधायची जागा रेषेच्या उत्तरेला गेली तर पडताना दोर आवळतो, दक्षिणेला गेली तर सैल पडतो. तुमच्याकडे पूर्वेला चढ आहे, म्हणजे बांधायची जागा बिजागरीपेक्षा उंच येणार, आणि तशी आली तरी पडताना दोर आवळतच जातो. म्हणून गाठ पक्की मारू नका. फणसाच्या बुंध्याला तीन वेढे घ्या आणि एका माणसाने बाजूला उभं राहून हातमोजे घालून हळूहळू सोडत जायचं. दोराच्या वेटोळ्यात पाय नको.

गडग्याचे दगड ३ मीटर रुंदीत आधीच काढून ठेवा आणि तिथे पाल्याच्या फांद्या अंथरा. पडलेला बुंधा उताराने पश्चिमेकडे घरंगळेल, म्हणून त्या बाजूला आधीच दोन ओंडके आडवे खुंटी मारून ठेवा. नंतर कापताना माणसं वरच्या, पूर्वेच्या बाजूला.

कातळपाऊल

कापणाऱ्याची पळवाट राहिली. पडायच्या दिशेच्या उलट, तिरकी, ४५ अंशांवर. तुमच्याकडे ती ईशान्येला. किमान ५ मीटर, झुडपं आणि दगड काढून आधीच मोकळी. थेट मागे पळायचं नाही, कारण बुंधा उडून सरळ मागे येतो. बाकी सगळे उभ्या उंचीच्या दुप्पट लांब, दोर धरणारे सोडून. इशारे शिट्टीचे, आणि "थांब"चा अधिकार सगळ्यांना.

कटर ७० सीसीच्या वरचा, पातं २४ इंची घ्या. दोन्ही बाजूंनी कापलं की पुरतं. हेल्मेट, जाळी, कानावर मफ, पायात कटरसाठीची जाड पँट आणि बूट. रबरी चपलेत कोणी आला तर त्या दिवशी काम नाही. पाऊस किंवा फांद्या हलवणारा वारा असेल तरी नाही.

परवानगीचं: आंबा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहे, तेव्हा जागा स्वतःची असली तरी वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज. ड्रिलची मापं, अळंबी आणि ढोलीचे फोटो, घरापासूनचं अंतर जोडा. शहरी भागातल्या वाचकांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात.

परसदार_दापोली

एक शेवटचं. लाकूडवाला मजुरी घेत नाही, लाकूड नेतो आणि वर काही रक्कम देतो. तोच तुकड्यांनी उतरवायला तयार होईल का?

सावलीचा_हिशेब

नाही होणार, आणि "ओढून पाडू" या सल्ल्याचं मूळही तिथेच असावं. लाकडाच्या मोबदल्यात काम करणाऱ्याला लांब, सलग ओंडका हवा असतो. अर्ध्या मीटरचे तुकडे म्हणजे त्याला फक्त जळण. व्यवहार वेगळा करा: उतरवण्याची मजुरी ठरवून रोख द्या, लाकूड तुमच्याकडे ठेवून नंतर विका. दोन मीटरच्या वरचं भरीव खोड जेवढं सलग निघेल तेवढं निघेल, त्यासाठी क्रम बदलायचा नाही. ठरवताना कागदावर लिहा: उंचीवर दोन बांधण्या, मागचे दोन दोर, शटडाऊनशिवाय काम नाही, चढणाऱ्याचा अपघात विमा. कटर मागवून साखळीचा ब्रेक चालतो का ते समोर दाखवायला सांगा. पुष्कळ जणांनी तो काढून टाकलेला असतो, आणि असा कटर दिसला तर तो गडी परत पाठवा.